पितरांच्या पानातला शिवडा

मासा सगळं काही खातो, म्हणून मासे खाणाऱ्याला सगळ्याच प्राण्यांचं मांस खाल्ल्याचा दोष लागतो. तेव्हा मासे वर्ज्य करावेत. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायाचं हे म्हणणं. आणि लगेच पुढच्या श्लोकात पाठीन आणि रोहित या दोन माशांना देवांच्या हव्यात आणि पितरांच्या कव्यात मान दिलेला आहे. रोहित म्हणजे रोहू. पाठीन म्हणजे आपल्या नद्यांतला शिवडा, अशी ओळख मत्स्य-अभ्यासकांनी पटवली आहे. ज्यानं शिवडा डोळ्यांनी पाहिलाय तो या दोन श्लोकांच्या मधोमध अडखळतोच. सगळं खातो म्हणून मासा निषिद्ध असेल, तर सगळ्यांत जास्त खाणारा मासाच पितरांच्या पानात कसा आला?

मी मालेगावचा. नाशिककडचं नव्हे, वाशीम जिल्ह्यातलं, अकोला–वाशीम रस्त्यावरचं. आयुष्य शाळेत संस्कृत शिकवण्यात गेलं. घर माळकरी. आमच्या चुलीवर कधी मासा चढला नाही आणि पुढेही चढायचा नाही. तरी हा प्रश्न मला सोडत नाही, कारण तो नुसत्या पोथीतला राहिलेला नाही. माझा एक जुना विद्यार्थी भोई समाजाचा आहे, पैनगंगेच्या काठचा. त्याच्या गावी गेलो की तो मला नदीवर घेऊन जातो. एका पहाटे त्याच्या जाळ्यात हाताएवढा लांब शिवडा होता. चांदीसारखं चकाकणारं अंग, खवला एकही नाही. तोंड एवढं फाकलेलं की जबड्याचा कोपरा डोळ्याच्याही मागे गेलेला. वरच्या ओठाच्या दोन मिशा अर्ध्या अंगापर्यंत पोचणाऱ्या, हनुवटीखाली दोन आखूड. पाठीवर नावापुरता पर आणि पोटाखाली शेपटीपर्यंत गेलेली परांची लांब झालर.

"गुरुजी, याच्यासारखा खादाड नाई नदीत," तो म्हणाला. "बेंडूक म्हना, मासोळी म्हना, जे भेटलं ते गिळते. दिवसा कपारीत बसते अन् रातच्याले निंगते." मग जाळं झटकता झटकता म्हणाला, "आमच्या आज्याच्या पित्तराले शिवडाच लागे. रोहू चालत नसे."

त्या घरात मनुस्मृती कुणी वाचली नव्हती. वाचायला मिळालीही नसती, हे मी जाणतो. त्यांच्या पितरांना शिवडा लागायचा तो नदीकाठच्या वहिवाटीनं. मला वाटतं, स्मृतिकारानंही अशीच एखादी वहिवाट पाहिली असावी आणि तिला आपल्या श्लोकात जागा करून द्यावी लागली असावी. याज्ञवल्क्य स्मृतीतही पाठीनाचं नाव आहे. खवल्यांचे मासे दोन्ही ठिकाणी सरसकट चालतात. बिनखवल्याच्या पाठीनाला मात्र नाव घेऊन आत घ्यावं लागलं. एका वाक्यात सगळे मासे बाहेर आणि पुढच्याच वाक्यात नदीतला सर्वांत मोठ्या तोंडाचा मासा आत, हे नुसतं तर्कशास्त्राचं काम नाही. शास्त्र लोकांच्या ताटापुढे नमतं घेतं तेव्हा असं होतं, आणि त्यात शास्त्राचा कमीपणा आहे असं मी मानत नाही.

खवल्यांचा हा भेद आपल्यापुरता नाही. ज्यूंच्या तोरेनं पर आणि खवले दोन्ही असलेलाच जलचर खाण्याजोगा ठरवला. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल समाजाची एक आठवण सांगितली जाते. डेव्हिड राहाबी नावाच्या गृहस्थांना या तेल गाळणाऱ्या 'शनवार तेल्यां'ची खरी ओळख पटवायची होती. त्यांनी घरातल्या बायकांपुढे मिसळलेले मासे ठेवले. बायकांनी खवल्यांचे निवडून घेतले आणि बिनखवल्यांचे बाजूला सारले. धर्मग्रंथ हरवले होते, भाषा मराठी झाली होती, पण हाताला नियम ठाऊक होता. शिया मुसलमानांतही बिनखवल्याचा मासा वर्ज्य आहे. म्हणजे शिवड्याचं हे उघडं, गुळगुळीत अंग जगभरच्या धर्मांना कुठे ना कुठे खटकलेलं आहे.

हे उघडं अंग म्हणजे नेमकं काय, हे कळलं तेव्हापासून माझा विचार वेगळ्या वाटेनं गेला. इंग्रजीत ज्यांना कॅटफिश म्हणतात त्या मिशाळ माशांचं हे कूळ. यांच्या मिशा शोभेच्या नाहीत. आपल्या जिभेवर चव ओळखणाऱ्या ज्या कलिका असतात, तशाच कलिका या माशांच्या मिशांवर, ओठांवर आणि अंगभर कातडीवर पसरलेल्या असतात. अमेरिकेतल्या बुलहेड नावाच्या एका जातीच्या अंगावर अशा पावणेदोन लाखांच्या आसपास कलिका मोजलेल्या आहेत. या कुळाच्या कातडीत दुसऱ्या जिवाच्या शरीरातली सूक्ष्म वीजही टिपणारे बारीक खळगे असतात. पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत इवल्या हाडांची साखळी असते, तिच्यामुळे पाण्यातला आवाज त्यांना इतर पुष्कळ माशांपेक्षा चांगला ऐकू येतो. पैनगंगेच्या गढूळ डोहात, अमावास्येच्या रात्री, हा जीव डोळ्यांवाचून सगळं जाणतो. पाणी त्याच्या अंगाला लागलं की त्याला चव कळते. अख्खं शरीर म्हणजे जीभ.

आणि इथे भागवत आठवतं. एकादश स्कंधातल्या अवधूतानं चोवीस गुरू केले, त्यांत एक मासा आहे. आमिषाच्या चवीला भुलून मासा गळाला लागतो, म्हणून जीभ जिंकावी. बाकीची इंद्रियं जिंकूनही जीभ जिंकली नसेल तर काहीच जिंकलं नाही, हा त्या गुरूचा धडा. एकनाथांनी या स्कंधावर ओवीबद्ध टीका लिहिली, तिची सांगता शके 1495 मध्ये, म्हणजे सन 1573 ला, काशीत केली. आमच्या घरी चातुर्मासात नाथभागवत लागायचं आणि माशाच्या गुरूपणाचा भाग आला की आई आम्हा भावंडांच्या ताटाकडे बघायची. तो धडा खराच आहे. पण तो माणसासाठी आहे, माशावरचा आरोप म्हणून तो वाचू नये. ज्याचं सारं अंगच रसना आहे त्याची चव म्हणजे लोभ नव्हे. तो त्याचा दिवा आहे. आंधळ्या पाण्यात त्याला चवीनंच चालावं लागतं. गळाला लावलेलं गांडूळ त्याला खोटं बोलतं, आणि ते खोटं माणसानं रचलेलं असतं. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर यानं 'मानसोल्लास' लिहिला. त्यात मासे गळानं धरण्याच्या विनोदावर, म्हणजे राजांच्या करमणुकीवर, एक सबंध प्रकरण आहे. कोणत्या माशाला कोणतं आमिष चारून कसं सवयीचं करावं, दोरी कशी, काठी कशी, सगळं आहे. अभ्यास म्हणून ते प्रकरण थोर आहे. पण अवधूताचा मासा ज्या रसनेपायी मरतो, ती रसना कुणी ओळखली, कुणी वापरली, हे त्याच प्रकरणात लिहिलेलं आहे.

तेव्हा अधाशी कोण, हा प्रश्न शिवड्याकडे बोट दाखवून सुटत नाही. 'मत्स्यन्याय' म्हणून आपण जगातल्या अन्यायाला माशाचं नाव दिलं. मोठा मासा लहानाला खातो, म्हणून राजा हवा, दंड हवा, असं आपलं राजशास्त्र सांगतं. शिवडा लहान मासे खातो हे खरं. पण पोट भरलं की तो कपारीत जाऊन पडून राहतो. त्याच्या डोहात कुठेही कोठार नाही.

मालेगाव तालुक्यातलंच शिरपूर हे जैनांचं मोठं तीर्थ आहे, अंतरिक्ष पार्श्वनाथाचं. पार्श्वनाथांची मूर्ती जमिनीपासून अधांतरी आहे अशी तिथली श्रद्धा. तिथल्या एका जाणत्या श्रावकाकडून मी जैनांची जीवगणना समजून घेतली. एकेंद्रिय, द्वींद्रिय असे जीव इंद्रियांच्या संख्येनं लावलेले असतात. मासा पंचेंद्रिय तिर्यंचांत येतो, म्हणजे गाय, हरिण, हत्ती यांच्याच पंगतीला. ज्या पंचेंद्रिय प्राण्याला मन आहे तो पाचव्या गुणस्थानापर्यंत चढू शकतो, म्हणजे श्रावकासारखी अंशतः व्रतंही त्याला शक्य आहेत. मासा उपवास करू शकतो असं मानणारा धर्म माशाला किती मोठा मान देतो, हे त्या दिवशी प्रथम जाणवलं.

त्याच श्रावकानं तंदुल मत्स्याची कथा सांगितली. स्वयंभूरमण समुद्रात एक महामत्स्य आहे. तो तोंड उघडं ठेवून झोपतो आणि लाटांबरोबर असंख्य मासे त्याच्या तोंडात जातात नि बाहेर येतात. त्याच्या पापणीत तांदळाच्या दाण्याएवढा एक मासा राहतो. तो बघत असतो आणि मनात म्हणतो, हा किती मूर्ख आहे, मी असतो तर यातला एकही सुटू दिला नसता. त्या इवल्या माशानं आयुष्यात कुणाला मारलेलं नसतं. मारण्याची त्याच्यात ताकदच नसते. तरी निव्वळ त्या विचारापायी तो सातव्या नरकात जातो.

ही कथा ऐकल्यावर पैनगंगेच्या काठावरचं माझ्या विद्यार्थ्याचं एक वाक्य वेगळंच ऐकू येऊ लागलं. त्यानं मला विचारलं होतं, "गुरुजी, तुमी मारत नाई म्हनून तुमाले पुन्य, अन् आमी मारतो म्हनून आमाले पाप, असं हाये का?" मी तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. तो काही वाद घालत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, कारण त्याची लेक शिकतेय आणि वर्गात तिला कुणीतरी हे बोललं होतं.

हिंसा घडते, याविषयी मला शंका नाही. जाळ्यातला शिवडा तडफडतो, त्याचं अंगभर पसरलेलं भान त्या क्षणी काय सोसत असेल याची कल्पना करवत नाही. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलातलं सदुसष्टावं सूक्त आदित्यांना उद्देशून आहे, फासातून सोडवा म्हणून विनवणारं. अनुक्रमणीत, म्हणजे सूक्तांच्या जुन्या सूचीत, त्याच्या ऋषींची नावं देताना एक पर्याय दिलाय तो असा: जाळ्यात अडकलेले पुष्कळ मासे. वेदाच्या परंपरेनं जाळ्यातल्या माशांना मंत्रद्रष्टे म्हटलं! ते सूक्त शिकवताना मी मुलांना दर वेळी ऋषीच्या नावाशी थांबवत असे. परीक्षेत ते येत नसे. पण ज्यांना आपण मुकं म्हणतो त्यांच्या नावावर एक सबंध प्रार्थना लिहून ठेवलेली आहे, हे पोरांना कळायला हवं होतं.

मग भोई पापी का? याचं उत्तर मला महाभारताच्या अनुशासनपर्वात सापडतं. शरपंजरी पडलेला भीष्म युधिष्ठिराला च्यवन ऋषींची गोष्ट सांगतो. गंगा-यमुनेच्या संगमात च्यवन बारा वर्षं पाण्यात राहिले. मासे त्यांना सरावले, त्यांच्या अंगाशी खेळू लागले. एके दिवशी निषादांनी मोठं जाळं टाकलं आणि माशांबरोबर ऋषीही वर आले, अंगावर शेवाळ, जटांत शंख-शिंपले. कोळी घाबरून पाया पडले. च्यवनांनी आजूबाजूला तडफडणारे मासे पाहिले आणि ते सुस्कारले. म्हणाले, मी यांच्याबरोबर राहिलोय. मरेन तर यांच्याबरोबर, नाहीतर यांच्याबरोबरच विकला जाईन. राजा नहुष धावत आला. तेव्हा च्यवन त्याला काय म्हणाले ते मला फार मोठं वाटतं: या मासे धरून जगणाऱ्यांनी कष्ट घेतलेत, माझी किंमत माशांच्या किमतीसकट यांना दे. नहुष हजार देऊ लागला, लाख देऊ लागला, राज्य देऊ लागला. ऋषी म्हणत, ही माझी किंमत नव्हे. शेवटी एका मुनीच्या सल्ल्यानं गाय ही किंमत ठरली. कोळ्यांनी ती गाय ऋषींनाच अर्पण केली. च्यवनांनी तिचा स्वीकार केला आणि कोळ्यांना माशांसकट स्वर्गाला पाठवलं.

कोळी आणि मासे, दोघंही स्वर्गाला गेले. जाळं टाकणारे आणि जाळ्यात सापडलेले. त्या कथेत शिक्षा कुणालाच नाही. ऋषी माशांच्या बाजूनं उभे राहिले, पण कोळ्यांच्या विरोधात उभे राहिले नाहीत. माशांच्या जिवाची काळजी करताना जाळ्यामागच्या श्रमांचं मोल चुकवायला त्यांनी राजाला भाग पाडलं. अहिंसेचा याहून सरळ पाठ मला कुठे भेटलेला नाही. ज्या अहिंसेचा खर्च फक्त भोयाच्या पोराला सोसावा लागतो, ती च्यवनांची अहिंसा नव्हे. मी मासा खात नाही हे माझं व्रत आहे, त्याचं ओझं दुसऱ्याच्या शिरावर ठेवायचा मला अधिकार नाही. तंदुल मत्स्यासारखं पापणीत बसून दुसऱ्याच्या तोंडाचा हिशेब ठेवणं मात्र आम्हा माळकऱ्यांना सहज जमतं, आणि त्यापासून जपलं पाहिजे. पुढच्या खेपेला नदीवर गेलो तेव्हा त्या मुलीला समोर बसवून मी च्यवनांची ही कथा सांगितली. तिच्या बापानं जाळं विणायचं थांबवून ती ऐकली.

आता मनूच्या त्या श्लोकाकडे पुन्हा येतो. तिथे पाठीनाला परवानगी आहे ती 'नियुक्त' म्हणून: हव्यात, कव्यात, नेमलेल्या प्रसंगी. वाटेल तेव्हा, वाटेल तेवढा, असा त्याचा अर्थ होत नाही. भोयाच्या आज्याच्या घरीही शिवडा पित्तराला लागायचा, म्हणजे भादव्याच्या वद्य पक्षात. आणि शिवड्याची वीण कधी? पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळ्यात, जेव्हा नदी काठ सोडून पसरते आणि अंडी घालायला तो उथळ पाण्यात चढतो. भादव्यापर्यंत वीण बहुतेक उरकलेली असते. कुणी हे जुळवून ठरवलं असं मी म्हणत नाही. पण आषाढ-श्रावणात मांसमत्स्य सोडणारी आणि पितृपक्षात पान वाढणारी रीत नदीला श्वास घ्यायला वेळ देत होती, एवढं दिसतं. सम्राट अशोकानंही पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षी, ठराविक पौर्णिमांना आणि त्यांच्या लगतच्या तिथींना मासे मारू नयेत नि विकू नयेत, असं कोरून ठेवलं. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माशासाठी पंचांग होतं.

आज आमच्याकडे ते मोडलंय. मालेगाव तालुका पाणलोटाच्या माथ्यावर आहे. इथला काही पाऊस काटेपूर्णेनं उत्तरेला पूर्णेत, पुढे तापीत आणि अरबी समुद्रात जातो. दक्षिणेकडचा पैनगंगेनं वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला मिळतो. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की ओढे-नाले भरतात आणि चढणीचे मासे वर येतात. पोटात अंडी भरलेली असतात, पाणी घोटाभर असतं, पळायला जागा नसते. लोक काठ्या घेऊन धावतात, पोती भरतात, मोबाइलवर फोटो काढतात. यात भोई थोडे असतात, हौशी फार. एका मादीच्या पोटात हजारोंनी, मोठी असेल तर लाखांनी अंडी असतात. निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेनं, आययूसीएननं, शिवड्याला आता 'असुरक्षित' जातींच्या यादीत घातलंय. माझा विद्यार्थी म्हणतो, आज्याच्या काळात माणसाच्या उंचीचा शिवडा सापडे, आता हातभर सापडला तरी गाव बघायला येतं.

वाशीम, अकोला, हिंगोली, यवतमाळच्या नदीकाठच्या वाचकांना माझं सांगणं आहे. खाणारे असाल तर खुशाल खा, भोयाकडून घ्या आणि घासाघीस न करता त्याला पुरता भाव द्या. पण मृगापासून श्रावण संपेपर्यंत चढणीच्या माशावर काठी उगारू नका, आणि ओढ्यावर पोरं पोतं घेऊन निघाली तर त्यांना परत फिरवा.